तिसऱ्या ईदचा फितरा

2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, म्हणजे पैगंबर मुहम्मदांचा जन्मदिवस, एकाच दिवशी आल्या, 28 सप्टेंबरला. लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंतची विसर्जनाची गर्दी आणि भायखळ्याच्या खिलाफत हाउसमधून निघणारा जुलूस एकाच दिवशी सांभाळणं मुंबईला जड गेलं असतं. मुस्लिम संघटनांच्या बैठका झाल्या, जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि सरकारनं 29 तारखेला सुट्टी दिली. पुढच्या वर्षी ईद 16 ला आणि विसर्जन 17 ला आलं, तेव्हा जुलूस 18 ला निघाला. 2025 मध्ये ईद शुक्रवारी 5 सप्टेंबरला, विसर्जन शनिवारी. मुंबईतला जुलूस आणि सुट्टी दोन्ही सोमवारी, 8 तारखेला. तिन्ही वर्षं वर्तमानपत्रांनी समजूतदारपणाचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं.

पण विसर्जन आहे म्हणून ईदुल फित्रची नमाज तीन दिवस पुढे ढकला, असं कुणी सुचवलं असतं तर? शहरातला सगळ्यात मवाळ मौलानाही हसला असता. ईदची नमाज हलत नाही, रमजानचा रोजा हलत नाही, हजचा अराफातचा दिवस हलत नाही. मिलादचा जुलूस हलतो, आणि तो हलवताना कुणालाही धर्म बुडाल्यासारखं वाटत नाही. म्हणजे आपल्या पोटात उत्तर आहेच. ईदुल फित्र आणि बकरी ईदनंतरची ही तिसरी ईद नाही. माणसांनी प्रेमानं लावलेली ही एक रीत आहे आणि रीत म्हणूनच तिच्याबद्दल बोलायला हवं.

रीत म्हटलं की एक बाजू लगेच खूश होते. अहले हदीस आणि देवबंदी या सुन्नी पंथांची मंडळी म्हणतात, हेच तर आम्ही सांगतोय, ही बिदअत आहे, धर्मात मागाहून घुसवलेली गोष्ट, बंद करा. दुसरी बाजू चिडते. ज्यांच्यामुळे बाकीच्या दोन ईदा मिळाल्या त्यांचा जन्मदिवस म्हणजे ईदांची ईद, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे. पैगंबरांच्या जन्माचा आनंद जरूर करावा. मात्र इस्लाममध्ये सणाला एक किंमत असते. मिलादची ती किंमत आपण कधी ठरवलीच नाही आणि त्या रिकाम्या जागेत डीजे शिरला.

आधी विरोधकांचं म्हणणं नीट ऐकू या, कारण ते कच्चं नाही. पैगंबर मदिनेत आले तेव्हा तिथल्या लोकांचे खेळण्या-बागडण्याचे दोन दिवस होते. त्यांच्या बदल्यात अल्लाहनं तुम्हाला अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत, अज्हा आणि फित्र, असं त्यांनी सांगितल्याची हदीस, म्हणजे त्यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, अबू दाऊदच्या संग्रहात आहे. दोन म्हणजे दोन. मरियमच्या मुलाची ख्रिश्चनांनी केली तशी माझी अतिशयोक्त स्तुती करू नका, ही त्यांची ताकीद बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. साथीदारांनी त्यांचा जन्मदिवस साजरा केल्याची एकही नोंद नाही आणि त्यांच्याइतकं प्रेम आपण करतो असं म्हणायला मोठी छाती लागेल. शिवाय तारखेचाही पत्ता नीट लागत नाही. सीरतकार, म्हणजे पैगंबरांचे चरित्रकार, इब्न इस्हाक रबीउल अव्वल महिन्याची 12 तारीख देतात, इतरांनी 2, 8, 9, 10 दिल्या आहेत, शिया 17 धरतात. त्यांचं निधन मात्र 12 लाच झालं असं बहुतेक मानतात, इ.स. 632 मध्ये. आपल्याकडे जुनी माणसं या दिवसाला बारावफात म्हणत, वफात म्हणजे निधन, आणि त्या म्हणण्यात हळहळ होती. त्याच तारखेला फटाके कसे वाजवायचे, हा प्रश्न बिनतोड आहे.

तरीही मी विरोधकांच्या बाजूला जाऊन बसत नाही. पैगंबर दर सोमवारी रोजा ठेवत. का, असं विचारल्यावर, या दिवशी माझा जन्म झाला, असं त्यांनी उत्तर दिल्याचं सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. म्हणजे आपल्या जन्माची आठवण त्यांना होती आणि ती कृतीतून दाखवावीशीही वाटत होती. ती कृती कुठली, हे मात्र दोन्ही बाजू सोयीनं विसरतात. एक बाजू म्हणते, बघा, त्यांनी स्वतः वाढदिवस पाळला. दुसरी म्हणते, त्यांनी रोजा ठेवला, मिरवणूक काढली नाही. दोघांच्या भांडणात सोमवारी उपाशी राहायला कुणी फारसं तयार नसतं, हा भाग वेगळा.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या मशिदींमध्ये कधी सांगितली जात नाही. मिलादविरोधी फतव्यांसाठी देवबंदच्या रशीद अहमद गंगोही यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे पीर, म्हणजे गुरू, होते हाजी इम्दादुल्लाह, 1857 नंतर मक्केला निघून गेलेले. या हाजीसाहेबांनी सात वादग्रस्त प्रश्नांवर एक छोटा निबंध लिहिला, त्यातला एक प्रश्न मिलादचा. त्यांनी लिहिलं की मी स्वतः मिलादला जातो, दरवर्षी भरवतो आणि सलामाच्या वेळी उभं राहण्यात मला गोडी वाटते. पण जे करत नाहीत त्यांचा द्वेष करू नका आणि जे करतात त्यांनाही भटके ठरवू नका. मुरीद, म्हणजे शिष्य, विरोधात, पीर बाजूनं, आणि दोघांचं नातं अखेरपर्यंत टिकलं. आज आपल्याकडे लग्न जुळवताना समोरचं घर मिलाद मानतं की नाही याची चौकशी होते. कोकणातल्या एकाच मोहल्ल्यात दोन मशिदी उभ्या राहिल्या त्या या वादावर. रबीउल अव्वलमध्ये लाउडस्पीकरवर हमखास वाजणाऱ्या एका शेरात तर थेट असं म्हटलंय की या महिन्यात सारं जग खूश असतं, एक इब्लिस सोडून. जो झेंडा लावत नाही तो इब्लिस! ज्या नबीनं ताइफमध्ये दगड मारणाऱ्यांनाही शाप दिला नाही, त्याच्या वाढदिवशी शेजाऱ्याला सैतान ठरवायचं, हे कुठलं प्रेम?

इब्न तैमियांना मिलादविरोधकांचे आजोबा म्हणायला हरकत नाही. ते चौदाव्या शतकातले. त्यांनीही ही गोष्ट पूर्वजांनी केलेली नाही असं सांगून झाल्यावर लिहून ठेवलंय की काही लोकांना त्यांच्या प्रेमाबद्दल आणि चांगल्या हेतूबद्दल मोठं पुण्य मिळू शकतं. त्यांच्या नावानं भांडणारे हे वाक्य गाळून पुढे जातात. आणि ज्या सौदी अरेबियाचं उदाहरण मिलादविरोधक ऊठसूट देतात, तिथे मिलादची सुट्टी नाही हे खरंच. पण 23 सप्टेंबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी 2005 पासून आहे आणि 2022 पासून 22 फेब्रुवारीला राज्याचा स्थापना दिनही आहे. आतषबाजी होते, हिरवे झेंडे फडकतात. राजघराण्याच्या वाढदिवसाला चालतं ते नबींच्या वाढदिवसाला चालत नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

मिलाद सुरू कुणी केली, हाही वादातला आवडता मुद्दा. कैरोच्या शिया फातिमी खलिफांनी दरबारी समारंभ म्हणून ती पाळली, हे बरोबर. सुन्नी जगात तिला थाट दिला तो इराकमधल्या अर्बिलच्या मुजफ्फरुद्दीन कोकबुरीनं. हा सुलतान सलाहुद्दीनचा मेहुणा, मृत्यू 1233. त्याच्या मिलादचं वर्णन चरित्रकार इब्न खल्लिकाननं केलंय. तो अर्बिलचाच, लहानपण तिथे गेलेला. बगदाद, मोसूल, सिंजारहून लोक मोहरमपासूनच यायला लागत. चार-चार, पाच-पाच मजल्यांचे लाकडी मंडप उभे राहत, प्रत्येकात गाणारे आणि छायाखेळ करणारे. आदल्या रात्री किल्ल्यावरून मशालींची मिरवणूक उतरे. हे वाचताना लालबाग आठवणार नाही असा मराठी माणूस विरळाच. आणि गंमत म्हणजे तारखेबद्दल मतभेद आहेत म्हणून कोकबुरी एका वर्षी 8 तारखेला मिलाद करी, दुसऱ्या वर्षी 12 ला. मुंबईच्या जुलूस समित्यांनी तारीख हलवली तेव्हा त्यांच्या पाठीशी आठशे वर्षांचा दाखला होता, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं.

पण इब्न खल्लिकाननं याच माणसाबद्दल आणखीही काही लिहिलंय. कोकबुरीनं आंधळ्यांसाठी आणि दुर्धर रोग्यांसाठी चार आसरे बांधले होते. विधवांसाठी एक घर, अनाथ मुलांसाठी एक, आणि रस्त्यावर टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी एक, ज्यात त्यांना पाजायला दाया ठेवलेल्या. युद्धात पकडलेले कैदी तो पैसे भरून सोडवी. मिलादचे समर्थक त्याच्या मेजवानीची वर्णनं रंगवून सांगतात, विरोधक त्याच्या गाण्याबजावण्यावर बोट ठेवतात. दायांच्या त्या घराबद्दल मी एकाही तकरीरीत, प्रवचनात, ऐकलेलं नाही.

आता मिलादच्या बाजूचा सगळ्यात लाडका पुरावा घेऊ. अबू लहब हा पैगंबरांचा चुलता आणि कट्टर वैरी. कुराणात त्याच्या नावानं शापाची सूरा, म्हणजे अध्याय, आहे. मेल्यावर तो घरच्या एकाच्या स्वप्नात आला. हाल वाईट होते, पण थेंबभर पाणी मिळत होतं, कारण त्यानं सुवैबा नावाच्या दासीला मुक्त केलं होतं. कथेचा हा गाभा बुखारीत आहे. पुतण्याच्या जन्माची बातमी सुवैबानं आणली आणि त्या आनंदात त्यानं तिला मोकळं केलं, हा तपशील नंतरच्या सीरतकारांनी घातलेला. दर रबीउल अव्वलमध्ये ही कथा सांगितली जाते आणि तिचं तात्पर्य काढलं जातं ते असं: जन्माच्या आनंदाचं फळ काफिराला मिळालं, तर मोमिनाला, श्रद्धावानाला, किती मिळेल! म्हणून रोषणाई करा.

अहो, पण त्या माणसानं दिवे लावले नव्हते. त्यानं एक बाई गुलामीतून सोडली होती. आपल्या मालकीचं माणूस, बाजारात किंमत असलेलं, हातचं जाऊ दिलं होतं. कथा जशीच्या तशी मानली तरी फळ मिळालं ते सोडून देण्याचं. या एका पुराव्यात मिलाद कशी असावी याचा पूर्ण आराखडा आहे, आणि आपण तो वाचताना नेमकी सुवैबाच गाळतो.

इस्लामच्या दोन ईदा आठवून पाहा. ईदुल फित्र येते महिनाभराच्या उपासानंतर आणि नमाजला निघण्याआधी फितरा द्यावा लागतो. घरातल्या दर माणशी, तान्ह्या बाळाचासुद्धा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. बकरी ईदला कुर्बानी आहे आणि तिच्या मांसात गरिबाचा वाटा आहे. दोन्ही सणांत नवे कपडे अंगावर चढण्याआधी खिशाला चाट बसते. सण आधी, हिशेब नंतर, असं इस्लाममध्ये नाही. मिलादला असलं काही बांधलेलं नाही. कुणी सांगितलेलंच नव्हतं तर बांधणार कोण? मिलादला परवानगी देणाऱ्या जुन्या विद्वानांना हे कळत होतं. पंधराव्या शतकातल्या इब्न हजर अस्कलानींनी आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, रोज्याचा दाखला देऊन मिलादला मान्यता दिली, मूसांच्या सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून पैगंबरांनी तो रोजा ठेवला होता. पण कृतज्ञता दाखवायची ती कुराणपठण, अन्नदान, दानधर्म आणि स्तुतिकाव्यानं, असंही सांगितलं. ती परवानगी सशर्त होती. आपण परवानगी ठेवली आणि शर्त हरवली.

मी कोकणी मुसलमान घरातली आहे. आमच्याकडे मिलाद म्हणजे मौलूद. आम्ही शाफई या सुन्नी परंपरेचे, समुद्राच्या वाटेनं अरबांशी जोडलेले, त्यामुळे अठराव्या शतकातल्या मदिनेच्या बर्जंजींनी रचलेला अरबी मौलूद आमच्या गावांतून वाचला जातो. तोच मलबारात, जावात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही वाचतात. पडवीत चटया अंथरलेल्या, मध्ये पांढऱ्या कापडावर उदबत्त्या. पुरुष डोक्याला रुमाल बांधून गोल बसतात, एकजण वाचतो, बाकीचे मधूनमधून दरूदची, पैगंबरांसाठीच्या दुआची, साथ धरतात. बायका माजघरात. जन्माचा प्रसंग आला की सगळे उभे राहतात, सलाम सुरू होतो आणि गुलाबदाणी फिरते. मग शिरनी. हे फक्त रबीउल अव्वलमध्येच व्हायचं असंही नाही. नवं घर बांधलं, मुलगा आखाताला निघाला, लग्नाचा मांडव पडला की मौलूद. वाचणाऱ्यांपैकी अर्ध्यांना अरबी कळत नाही आणि तरी आवाज भरून येतो. यात बिदअत शोधायला मला कुणी सांगितलं तर मी चहा ओतून देईन आणि विषय बदलेन.

या मौलूदचा रस्त्यावरचा डीजे कसा झाला हे समजून घ्यायचं तर फार आध्यात्मिक व्हायची गरज नाही. महाराष्ट्रात सणांचे आकार एकमेकांच्या अंगणातून उचलले जातात. 1893 च्या आधी पुण्यात हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांत सामील होत, मेळ्यांची आणि मिरवणुकीची हौस तिथे भागत असे. सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि ती हौस तिकडे वळली. शंभर वर्षांनी उलटा प्रवास झाला: मंडळाची वर्गणी, कमान, ट्रॅक्टरवरचा देखावा, स्पीकरच्या भिंती, लेझर आणि स्थानिक नगरसेवकाचा फ्लेक्स, सगळं मिलादच्या जुलूसमध्ये आलं. 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांनी लाल किल्ल्यावरून पैगंबर जयंतीची सुट्टी जाहीर केली, तेव्हापासून हा दिवस सरकारी कॅलेंडरवरही ठळक झाला. 2024 मध्ये जुलूसमधल्या डीजे आणि लेझरविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयासमोर आल्या. गणेशोत्सवात आवाज घातक असेल तर ईदमध्येही तो घातकच, असं न्यायालयानं म्हटलं. सोपं वाक्य आहे, पण दोन्हीकडच्या मंडळांना ते ऐकायला जड जातं.

इथे मला एक आक्षेप दिसतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. तरुण मुलं म्हणतात, वर्षभर आम्हाला दबून राहायला सांगता, एक दिवस रस्ता आमचा झाला तर तुम्हालाच का खुपतं? 2025 च्या सप्टेंबरात कानपूरमध्ये 'आय लव्ह मुहम्मद' असा फलक लावण्यावरून वाद झाला, गुन्हे दाखल झाले, त्याचे पडसाद अनेक शहरांत उमटले आणि बरेलीत जुम्म्याच्या नमाजनंतर लाठीमार आणि अटकसत्र झालं. प्रेमाचा फलक लावायला पोलिसांची भीती वाटावी अशा काळात जुलूस ही निव्वळ हौस राहत नाही. आम्ही आहोत, एवढं सांगण्याची ती जागा होते. हे मला समजतं, आणि कुणा मुख्यमंत्र्याच्या सांगण्यावरून ती जागा सोडावी असंही मी म्हणणार नाही. जुलूस काढायचा हक्क आहे आणि तो राहिला पाहिजे.

पण हक्क बजावण्यात आणि नबींची आठवण करण्यात फरक आहे. आम्ही आहोत हे सांगायला शंभर मार्ग आहेत. नबी कोण होते हे सांगायचं असेल तर जुलूस पाहणाऱ्या फुटपाथवरच्या हिंदू आजीला काय कळतं? झेंड्यांचा रंग कळतो, गाण्याचा ठेका कळतो. जोतीराव फुल्यांनी 'मानव महंमद' ही रचना केली तेव्हा त्यांना कुणी मिरवणूक दाखवली नव्हती. त्यांना माणूस दिसला होता. आमच्या जुलूसमधून तो माणूस दिसत नाही. वडील जन्माआधी गेले, आई सहाव्या वर्षी, आजोबा आठव्या. दूध पाजायला आलेल्या बदू बायकांनी या पोराला नाकारलं, कारण पोरक्याच्या घरून बिदागी काय मिळणार? हलीमाला दुसरं मूल मिळालं नाही म्हणून तिनं याला उचललं. आपण ज्याचा जन्मदिवस साजरा करतो ते असं मूल होतं. जुलूसमध्ये सरबताच्या सबीली असतात, काही ठिकाणी रक्तदान होतं, रुग्णालयांत फळं वाटली जातात. हे चांगलंच आहे, मी नाक मुरडत नाही. पण यात जाऊ दिलेलं असं काय असतं? संध्याकाळपर्यंत सगळं फिटतं आणि सुवैबाची सर कशालाच येत नाही.

मग मिलादचा फितरा कोणता? माझ्या मते तो आपल्या घराच्या कागदपत्रांत आहे.

वडील वारतात. तलाठ्याकडे वारस नोंद होते, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं चढतात. वर्ष-दीड वर्षात भाऊ मुंबईला बहिणीकडे येतो, मुलांना खाऊ घेऊन. जाताना म्हणतो, फक्त एक सही पाहिजे, पुढे कागदपत्रांना त्रास नको. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर चार बहिणी ओळीनं बसतात, फोटो निघतो, अंगठा मशीनवर ठेवतात आणि हक्कसोडपत्र होतं. त्या दिवशी जेवण भावाकडे असतं, प्रत्येकीला ड्रेसचं कापड मिळतं. पुढच्या फेरफारात चार नावं जातात. कुणी जबरदस्ती केलेली नसते. सही न देणारीचं माहेर तुटतं, एवढंच. माझ्या फुफीला मी एकदा विचारलं, का दिलीस सही? ती म्हणाली, आंब्याच्या दिवसांत जायला एक दार तर उरलं पाहिजे ना गं.

हे हिंदू घरांतही होतं, अगदी असंच. पण त्यांच्या घरी कुराणातल्या वचनांसारख्या आयतीच्या आयती वाचून दाखवून कुणी असं सांगत नाही की आमच्या धर्मानं चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला वाटा दिला. आम्ही सांगतो. सीरतच्या प्रत्येक व्याख्यानात सांगतो. सूरा निसात मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, थोडं असो की फार, आणि पोरक्यांचा माल खाणारे पोटात आग भरतात असंही त्याच सूरेत आहे. 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली म्हणून ती कुराणातून वगळली गेली असं होत नाही. आणि यात मिलादवाले आणि मिलादविरोधक असा भेद मला कधी दिसलेला नाही. झेंडा लावणारा भाऊ आणि झेंड्याला बिदअत म्हणणारा भाऊ, दोघांच्या सातबाऱ्यावर बहीण नसते. चौदाव्या शतकापासून न मिटलेल्या वादात इथे मात्र पूर्ण एकमत.

उहुदच्या लढाईत सअद इब्न रबी शहीद झाले. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन नबींकडे आली. मुलींच्या चुलत्यानं सगळी मालमत्ता घेतली, यांच्याकडे काहीच उरलं नाही, आता यांच्याशी लग्न कोण करणार, अशी तिची तक्रार होती. वारशाची आयत उतरली. नबींनी चुलत्याला बोलावलं आणि सांगितलं, दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला, उरलं ते तुझं. तिर्मिजी आणि अबू दाऊद दोघांकडे ही हदीस आहे. ती बाई दारात आली तेव्हा नबींनी तिला सबुरी शिकवली नाही आणि माहेर-सासर सांभाळून घे असंही म्हटलं नाही.

रबीउल अव्वलचा चांद दिसला की आमच्याकडे मशिदीत पावतीपुस्तकं निघतात, कमानीची वर्गणी, नियाजची वर्गणी, शिरनीची वर्गणी. माझी सूचना जमातीच्या पुढच्या बैठकीसाठी आहे. ज्यानं बहिणीकडून हक्कसोड करून घेतली आणि वाटा परत केला नाही, त्याची मिलादची वर्गणी जमातीनं घेऊ नये. असं नाकारणं आपल्या परंपरेला नवीन नाही. एका माणसाचा जनाजा आणला गेला. याच्यावर कर्ज आहे का, असं नबींनी विचारलं. आहे, असं कळल्यावर त्यांनी स्वतः नमाज पढायला नकार दिला आणि साथीदारांना सांगितलं, तुम्ही पढा. अबू कतादा पुढे झाले, कर्ज मी फेडतो म्हणाले, तेव्हा कुठे ते उभे राहिले. मेलेल्या माणसाला जी सवलत मिळाली नाही ती कमानीखाली फोटो काढून घेणाऱ्या जिवंत भावाला का मिळावी? आणि वर्गणी नाकारली तर कमान उभी राहायची नाही, अशी कुणाला भीती वाटत असेल, तर पावतीपुस्तकातली नावं आधी मोजून पाहावीत.